वायर निसटली तरी गिटार वाजतच होती

त्याला सगळे बटण म्हणायचे. दिवसभर वॉशिंग मशीन दुरुस्त करायची, संध्याकाळी गिटार वाजवायची, आणि दोन्हीकडे कुठलं ना कुठलं बटण दाबत बसायचं; मग लोक दुसरं काय म्हणणार? बँड घरचाच. ड्रमवर थोरली बहीण, गायला तिचा नवरा. ताईचा हात जड आणि जीभ त्याहून. एवढा बाप्या झाला तरी बटण तिला टरकून असायचा.

मध्यंतरी एक मशीन उचलताना त्याचा डावा हात खाली सापडला. हाड जुळलं, पण दोन बोटं काही ऐकेनात. साधी साथ करता यायची. पण गाण्यामधला तो सोलो, ज्याला लोक शिट्ट्या मारायचे, तो पार गेला. ताईला सांगितलं का? छे! सांगितलं तर ती दुसरा गिटारवाला आणील, ही भीती मानगुटीवर बसलेली. बँडमधून गेलो तर आपण उरलो कोण, असं त्याला वाटायचं.

मग या पठ्ठ्याने काय करावं? गिटारचा आवाज बदलायला पायाशी ठेवतात तो प्रोसेसर त्याच्याकडे होताच. वाजवलेलं आत साठवून ठेवायचीही त्यात सोय असते. घरी शंभरदा चुकून त्याने एकदाचा सोलो नीट वाजवला आणि आत भरून ठेवला. कार्यक्रमात वेळ आली की गिटारचा आवाज बंद करायचा, पायाने कडेचं बटण दाबायचं, डोळे मिटायचे आणि तारांवर नुसती बोटं फिरवायची. काही कार्यक्रम बिनबोभाट पार पडलेसुद्धा. काय म्हणावं या माणसाला!

त्या संध्याकाळी कारखान्याचं सभागृह गच्च भरलं होतं. सोलो आला. याने बटण दाबलं, डोळे मिटले, रंगात येऊन दोन पावलं मागे सरकला आणि गिटारची वायर खाडकन निसटून खाली पडली. सोलो मात्र झोकात चालूच!

पहिल्या रांगेतली एक बाई वायरीकडे बोट दाखवत होती. भावोजी माईक धरून तोंडाचा आ वासून उभे. पाय उचलून यंत्र बंद करावं, एवढंही बटणाला सुचेना. सोलो संपला आणि मेला पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं.

त्याने भीतभीत ताईकडे पाहिलं. ती काठी फेकून मारील याची त्याच्या मनाची तयारी होती. पण ताई शांतपणे ठेका धरून होती. चेहऱ्यावर आश्चर्याचा मागमूस नाही. ते पाहून त्याला जो धक्का बसला, तो वायर पडल्यावरही बसला नव्हता.

ताईने काठ्या ठेवल्या, उठून आली आणि स्वतःच्या पायाने प्रोसेसर बंद केला. वाकून तिने वायर उचलली आणि त्याच्या हातात दिली.

"तुला... तुला माहीत होतं?" तो कसाबसा पुटपुटला.

"गाढवा, माणूस वाजवताना मागेपुढे होतो. मी तुझ्याकडे बघून सांभाळून घेते, लहानपणापासून घेत आलेय. हे तुझं यंत्र कुणासाठी थांबतं का? इतके दिवस मीच त्याच्या मागे फरफटतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होते रे," ताई म्हणाली आणि तिचा आवाज कातर झाला. तिला असं त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

ती जागेवर जाऊन बसली. काठ्या वाजल्या. बटणाने वायर खोचली, आवाज वाढवला आणि धड असलेल्या बोटांनी सोलो धरला. पहिलाच सूर चुकला. पुढच्याला उशीर झाला. मागे ताईचा ठेका त्याच्यासाठी थांबला.