फोटो नसलेला नवरंग

आमच्या भागातल्या पक्ष्यांच्या नोंदी तपासायचं काम माझ्याकडे आहे. पगार नाही, मान नाही, शिव्या मात्र भरपूर. वेळेच्या फार आधी एखादा पक्षी पाहिल्याचं कोणी कळवलं की मी ठरलेलं वाक्य पाठवतो: "फोटो असल्याशिवाय नोंद घेता येत नाही." हे वाक्य मीच तयार केलं होतं आणि मला त्याचा अभिमानही होता.

होळीनंतर आठवड्याभरात आरमोरीजवळच्या एका खेड्यातून नोंद आली: मोहाच्या झाडाखाली नवरंग. नवरंग आमच्याकडे दक्षिणेतून येतो, तेही पावसाच्या तोंडावर. मार्चमधला नवरंग म्हणजे माझ्या लेखी थापच. वाक्य पाठवून मी मोकळा झालो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी एक म्हातारी बाई विचारत विचारत माझ्या घरी आली. नोंद तिची होती, नातीनं मोबाइलवरून पाठवलेली.

"मले फोटू काढता येत नाई, म्हणून पाखरू आलंच नाई काय, भाऊ?"

तिचं दुखणं वेगळंच होतं. नवरंग दिसल्याचं तिनं घरी सांगितलं, तेव्हा मुलगा हसला. म्हणाला, बुढीचे डोळे गेले. वाघाच्या रानात अशा बाईला कोण पाठवणार? मोहाची फुलं वेचणं बंद. ते झाड तिला सासूकडून आलेलं होतं.

मी तपासनिसाच्या आवाजात सुरुवात केली. फुलं नीट दिसावीत म्हणून मोहाखालचा पाला जाळतात. पाल्यातले किडे खाणारा हा पक्षी राखेत काय खायला येईल?

"यंदा जाळलाच नाई. मागच्या साली आग कुंपणाले लागली. आता पाल्यावर जुनी लुगडी हातरली. त्याच्या काठाले पानं उलटून राह्यला होता. आखूड शेपटी, तिच्या बुडाले लाल."

पटत होतं. पण एवढं पुस्तकातही असतं. "अन् शिटी कशी मारली?" मी मुद्दाम विचारलं. नवरंगाची दोन सुरांची शीळ आमच्याकडे कोणाला ठाऊक नाही?

"चूपच होता. पावसाचं पाणी जवळ आलं का मंग शिटी मारते तो. आताच काऊन मारन?"

थाप मारणाऱ्यानं शीळ हमखास घातली असती. मीसुद्धा घातली असती. मला लाज वाटली, आणि स्वतःचा रागही आला.

मी नोंद मंजूर केली. लगेच शहरातल्या वरिष्ठांचा निरोप आला: फोटो नसेल तर काढून टाका. मी लिहिलं, काढणार नाही. त्यांनी लिहिलं, नियम तुमचाच आहे. ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. "नियम माझा होता, चुकीचा होता, मी मोडला," मी उत्तर दिलं. "माझं काम खुशाल काढून घ्या. पण त्या नोंदीला मी हात लावणार नाही." काम अजून माझ्याकडेच आहे. फुकटात दुसरा कोण सापडतो!

मंजुरीचा कागद छापून मी दुसऱ्या दिवशी सकाळीच तिच्या घरी नेला. मुलानं तो दोनदा वाचला.

"पन फोटो कुठी आहे?"

बाईनं टोपली उचलली. "या भाऊनं माझे डोळे मानले. तुले फोटू पायजे असन त ये माह्या मांगं."

तो दारातच उभा राहिला. ती मोहाकडे गेली.