दात कौलावर उडाला तेव्हा

थोरल्या दिरांनी बॉक्स कॅमेरा आणला तेव्हा मुलुंडच्या आमच्या घरात नुसता गलका झाला. पण त्यांच्या मते फोटो म्हणजे रांग. त्यांची तिन्ही मुलं तेल चोपडून, भांग पाडून भिंतीपुढे उभी केली. "हलायचं नाही! दात दाखवायचे नाहीत!" रोल धुऊन आला तर तिघंही शिक्षा झाल्यासारखी उभी. दिरांचा उत्साह मावळला नि कॅमेरा कपाटावर गेला.

माझं नुकतंच लग्न झालं होतं. जावेला हळूच विचारलं, "वहिनी, मी बघू का तो?"

"बघ की! धूळच खातोय."

पहिला रोल मी मुलांच्या मागे धावण्यात घालवला. हाती काय आलं? पाठमोऱ्या आकृत्या, डोक्यावरचे भांग आणि धुकं. बाजारातला स्टुडिओवाला हसला. "बाई, फार जवळ जाता तुम्ही. चार पावलं लांब राहा. आणि मुलांइतक्या बुटक्या व्हा."

मग मी भाजी निवडायलाही पायरीवर बसू लागले, कॅमेरा मांडीवर. आधी मुलं त्याच्यात डोकावायची. हळूहळू त्यांना त्याचं काही वाटेनासं झालं.

एका सकाळी थोरली पुतणी ओरडत आली, "काकू, पडला! दात पडला!" कित्येक दिवस हलणारा पुढचा दात तिच्या मुठीत होता. पडलेला दात कौलावर टाकायचा, म्हणजे नवा लवकर येतो. तिघं अंगणात पळाली नि घराकडे तोंड करून उभी राहिली. आत्ताच, हाच फोटो! हातातली भेंडी टाकून मी पायरीखाली गुडघे टेकले, कॅमेरा पालथ्या घमेल्यावर ठेवला नि त्याच्या वरच्या काचेत डोकावले.

दारातून सासूबाई म्हणाल्या, "काय हरवलं गं?"

"काही नाही आई, फोटो!"

दात उडाला. वर कौलावर टक्कन वाजला. "घरंगळला! घरंगळला!" धाकटा किंचाळला. तिघांच्या माना वर, श्वास रोखलेले. "थांबला!" मी खटका दाबला. पण वेळेवर दाबला की उशिरा, कोण जाणे! फोटो येईपर्यंत मला चैन पडेना.

स्टुडिओच्या दारातच पाकीट फोडलं आणि मोठ्यानं हसले. आभाळाकडे वळलेले तीन चेहरे, पुतणीचं खिंडार पडलेलं हसू, धाकट्याचा हलल्यानं पुसट आलेला हात. घरी जवळजवळ पळतच आले.

दिरांनी फोटो खिडकीपाशी नेला. थोरलीच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "हसताना हिची मान अशी कलते? मी कधी बघितलंच नव्हतं." मग कपाटातून नवा रोल काढून माझ्या हातात ठेवला. "घे. आता तूच काढ."

तेवढ्यात धाकटा समोर आला. दोन बोटांनी आपला घट्ट दात जीव खाऊन हलवत तो म्हणाला, "काकू, थांब हं, माझा पण पाडतो!"