लोटाभर पाणी आणि उपग्रह

वहीच्या पहिल्याच पानावर माफी मागून ठेवते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही माहेरच्या गावी. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही कळत नव्हतं. अक्षर तर असं, की मी लिहिलेली यादी हातात घेऊन इकडचा हिंदी बोलणारा दुकानदार मलाच विचारतो, "काकी, ये क्या लिखा है?" ही वही कुणाला दाखवायची नाही, पण माफी मागितलेली बरी.

तर आमच्या थोरलीची नोकरी. ती इतिहास घेऊन बी.ए. झाली आणि बेंगलोरला उपग्रह बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागली. सहा महिने कच्ची नोकरी, पगार नावाला. खोलीचं डिपॉझिट आणि सहा महिन्यांचा खर्च मिळून साठ हजार लागत होते. ह्यांची मुकादमी केळीच्या ट्रकांवर, हातात तेवढे नव्हते. मी बसच्या कंडक्टरकडे राहिलेले सुट्टे मागत नाही, आणि साठ हजार मागायला मोठ्या जाऊबाईंकडे, शनवारा मोहल्ल्यात, मलाच जायचं होतं.

गेले. तिथे त्या मटार सोलत होत्या, मीही बसले सोलायला. परात भरली. मग लसूण काढला, तोही झाला.

"काय गं," जाऊबाई म्हणाल्या, "आता घरात सोलायला काही उरलं नाही. बोल, किती पाहिजेत?"

मी खाली मान घालून आकडा सांगितला.

"इतिहासवाली रॉकेट बनवणार?"

"ती बनवत नाही, ताई. बनवणारे दुसरे. सामान मागवायचं, कागद करायचे, ट्रक ठरवायचा, वेळेवर पोचवायचं, एवढं तिच्याकडे."

"म्हणजे भावजींचंच काम. मग त्यासाठी बेंगलोर कशाला, आपल्या इथल्या लालबागेत काय कमी ट्रक आहेत?" असं म्हणत त्यांनी कपाट उघडलं. पैसे देताना मात्र बजावलं, "सहा महिन्यांत पक्की झाली नाही तर घरी आणायची. आणि मग मी दाखवीन ते स्थळ बघायचं."

मी मान हलवली. पोरीला हे सांगितलं तेव्हा ती फोनवर एवढंच म्हणाली, "आई, तू हो का म्हणालीस? अब तो पक्की होना ही पड़ेगा."

त्यानंतर जाऊबाईंचा रोज सकाळी फोन. "गेली का वर?" मी म्हणायची, "नाही ताई, अजून खालीच आहे." मी दळणाला गेले तर चक्कीवालासुद्धा विचारायचा, चंद्रावर ज्वारी होते का. मी डबा घेऊन तशीच परत यायची.

पाचव्या महिन्यात पहिल्यांदा तिच्यावर एक अख्खा उपग्रह सोपवला. फ्रीजएवढी पेटी, बेंगलोरहून समुद्रकाठच्या उड्डाणतळावर न्यायची. दोन दिवस आधी तिचा फोन आला, आवाज रडवेला.

"पप्पा, ड्रायव्हर गाडी फार उडवतो. सांगितलं तर म्हणतो, बीस साल से चला रहा हूँ. पेटीला धक्का लागला तर माझं संपलं."

ह्यांनी विचारलं, "लोटा आहे का?"

नवीन ड्रायव्हर आला की हे रिकाम्या ट्रकात पाण्याचा लोटा ठेवतात आणि एक चक्कर मारायला लावतात. पाणी सांडलं तर त्याला केळी भरून देत नाहीत. दबलेली केळी दुसऱ्या दिवशी काळी पडतात. धक्का कुठे बसला ते तेव्हा कळून उपयोग नसतो.

"इथे लोटा कुणाकडे, पप्पा? बाटल्या आहेत."

"बाटलीला झाकण. उघडं भांडं पाहिजे."

मग मला राहवलं नाही. इतकी वर्षं तो लोटा भरून मीच देते. मागून म्हणाले, "काठोकाठ भरू नको गं. एक बोट खाली ठेव. काठोकाठचं कुणाकडूनही सांडतं, मग तो ड्रायव्हर भांडत बसतो."

तिने कॅन्टीनमधून वरणाचं पातेलं आणलं. कंपनीच्या आवारात ट्रक फिरला. पहिल्या चकरेत अर्धं पाणी खाली. इंजिनिअर पोरं हसत फोटो काढत होती. त्यातला एक म्हणाला, "धक्का मोजायचं मशीन आहे ना आपल्याकडे!" आमची म्हणाली, "मशीन पोचल्यावर सांगतं की धक्का बसला. पातेलं निघायच्या आधी सांगतं."

ड्रायव्हरने ओली फळी पाहिली आणि टायरची हवा थोडी कमी केली. तिसऱ्या चकरेला चार थेंब सांडले. पेटी तळावर पोचली तेव्हा त्या मशीनमध्ये एकही मोठा धक्का नव्हता. सहावा महिना संपायच्या आत ती पक्की झाली, आणि माल पाठवायच्या त्यांच्या यादीत आता पातेल्याचीही एक ओळ आहे.

मी धावत जाऊबाईंना सांगायला गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"लोट्यावर पक्की झाली? आम्ही लहानपणी रोज सकाळी लोटा घेऊन जायचो, आम्हाला कुणी पक्कं केलं नाही!" एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले. हसून पुसले असं त्या सांगतात. स्थळाचं नाव परत काढलं नाही.

पोरगी दर महिन्याला पाच हजार पाठवायची, मी ते शनवाऱ्यात जाऊबाईंना पोचवायची. बारावा हप्ता द्यायला गेले तेव्हा सोबत मावा जलेबी नेली. जाऊबाईंनी नोटा दोनदा मोजल्या, कपाटात ठेवल्या, आणि पुढ्यात मटारची टोपली सरकवली.

"आता पैशाचं निमित्त नाही. सोलायला तरी येशील ना?"

मी बसले. पहिल्यांदाच मान वर करून सोलत होते. साठच्या साठ हजार फिटले.