घरच्या बायांसाठी

"तुन्ही बायको बी गाभडनी म्हनतस?"

बापू पाटलांनी ओट्यावरून विचारलं. मी खाली अंगणात उभा. ओट्यावर चार-पाच जण सुपारी कातरत बसले होते. सारजा काही दिवस गोठ्यात येणार नाही, एवढंच सांगायला मी गेलो होतो. सहाव्या महिन्यात तिचं पोट पडलं होतं. मुलगी होती. आदल्या दिवशी मी तिला तापीच्या काठी पुरून आलो होतो.

बाईचं पोट पडतं. गाभडतं ते जनावर. हा फरक बापूंना ठाऊक नव्हता असं नाही.

"गोठामा बांध तिले," शेजारचा म्हणाला. "ढोरस्ना डॉक्टर उना का दखाड त्याले."

सगळे हसले. मीही हसलो. त्यांच्या हसण्याचं मला फारसं काही वाटत नाही. माझ्या हसण्याचं वाटतं.

मी महारवाड्यातला. शाळेच्या पडवीत बसून सातवी पास झालेला. बापूंची पत्रं मी वाचून दाखवत असे. कागद ओट्याच्या कडेला ठेवलेला असायचा, तो मी उचलायचा. सारजा त्यांच्या गोठ्यात कामाला. शेण, मूत, गायी विताना करायची ओढाताण, सगळं तिच्याकडे. त्या साली गायी एकामागून एक गाभडायला लागल्या. मेलेली वासरं सारजा ओढून काढायची. मागून पडणारी वार हातांनी उचलायची, टोपलीत भरून नाल्यात नेऊन टाकायची. हात मातीने चोळायची आणि भाकरीला बसायची.

गाभडलेल्या गायीचं दूध त्या घरात देवाला चालत नसे. म्हणून घरातही कुणी पीत नसे. पाटलीणकाकींनी पहिल्यांदा ते सारजाच्या लोट्यात ओतलं, वरून, धार लांब धरून.

"पोटुशी शे ना तू? पी. गरम शे तंवर पी."

सारजा हरखली. आमच्या घरी दूध कधी येणार? तिने लोटा माझ्यापुढेही केला. मी म्हणालो, "तूच पी. दोन जिवांची आहेस." हे शब्द माझेच. महिनाभर ती ते कच्चं दूध प्यायली.

मग ताप सुरू झाला. दिवस कलला की चढायचा, पहाटे घामाने लुगडं भिजवून उतरायचा. कंबर धरायची, गुडघे धरायचे. चार दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच. वैदूने हिवताप सांगितला. मीही तेच मानलं. मुलगी गेल्यावर महिन्याभरात सारजा परत गोठ्यात गेली.

पुढच्या वर्षी तिला पुन्हा दिवस गेले. पुन्हा तोच ताप. आठव्या महिन्यात बाळ मेलेलंच आलं. मुलगा. रक्त थांबलं नाही. दुपारपर्यंत सारजाही गेली.

पाटलीणकाकी विहिरीवर म्हणाल्या, "तिनाच पायगुन व्हता. आते तरी गायी सुधरतीन."

गायी सुधारल्या नाहीत. सारजा जाऊन दोन महिने झाले होते, तेव्हा आणखी दोन गाभडल्या. मग तालुक्याहून गुरांच्या डॉक्टरचं पत्र आलं. बापूंनी मला बोलावलं. कागद कडेला. मी उचलला. वाचू लागलो.

"मागील पत्रात कळविल्याप्रमाणे, हा गर्भपाताचा रोग गायींपासून माणसांस होतो व ताप वारंवार उलटतो. गाभडलेले वासरू व वार उघड्या हातांनी उचलू नयेत, खोल पुरावीत. दूध उकळल्याशिवाय पिऊ नये. गरोदर स्त्रियांस गोठ्यात येऊ देऊ नये."

मी थांबलो. शेवटची ओळ मनात पुन्हा वाचली.

"मागचं पत्र कधी आलं, बापू?"

"व्हयनं साल-दीड साल. तू नही व्हता तवय, मास्तरनी वाची दाखाडं व्हतं."

दीड साल. म्हणजे सारजाला दुसऱ्यांदा दिवस गेले त्याच्याही आधी. बापूंनी धाकट्या सुनेला दिवस गेल्याबरोबर माहेरी धाडलं, ते याच्यासाठी. घरातलं दूध तीन-तीन उकळ्या काढून प्यायचे, ते याच्यासाठी. मी ते पाहिलं होतं. मोठ्या घरची रीत समजलो होतो.

"सारजाले काबर नही सांगं?"

बापूंना प्रश्न खरंच कळला नाही. रागसुद्धा आला नाही त्यांना.

"ते घरन्या बायास्करता व्हतं ना, भो."

एवढं म्हणून त्यांनी गोठ्याकडे मान वळवली. "ती कबरी गाय सकायमा गाभडनी. वासरू पडेल शे. उचली टाक."

मी कागदाची घडी घातली. ओट्याच्या कडेला ठेवली नाही, खिशात ठेवली.

"नही उचलाव," मी म्हणालो.

"काय?"

"मी नही उचलाव. मन्ही आळीमाधलं कोनीच नही उचलाव."

त्या दिवशी संध्याकाळी महारवाड्यात मी तो कागद वाचला. पुस्तकी मराठी कुणाला कळेना, म्हणून ओळ न् ओळ अहिराणीत सांगितली. गोठ्यात आता सारजाच्या जागी लागलेली कौतिक समोर बसली होती. सातवा महिना. तिने विचारलं, "मंग खावानं काय, भाऊ?"

काही घरं बापूंच्या धाकाने परत गेली, काही उपाशी राहिली. माझं पत्र वाचायचं काम सुटलं. कौतिकला मी जाऊ दिलं नाही. तिच्या वाट्याची भाकरी माझ्या घरातून गेली, कधी अर्धी, कधी तीही नाही.

तो कागद मी नकलून काढतो. शहाद्याच्या बाजारात, सारंगखेड्याच्या जत्रेत, जिथे आपली माणसं भेटतील तिथे वाचतो. ज्याची गाय, त्याने तिचं मेलेलं वासरू उचलावं. स्वतःच्या हातांनी. आम्ही आता त्या गोठ्याला हात लावणार नाही.