दीड वाजताचे इन्स्पेक्टर

"हा डाव याच्याआधी कशात होता?"

नवी मुंबईत, महाप्याच्या त्या हॉटेलात माझ्यासमोर बसलेल्या गृहस्थांनी वाढणाऱ्या बाईंना हे विचारलं, तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, आज जेवण गार होणार. बाई आमटीचा डाव हवेत धरून उभ्या. माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि हे सद्गृहस्थ त्या डावाकडे चोरीचा आळ असल्यासारखे बघत होते. "आमटीतच व्हता, सायेब," बाई म्हणाल्या. "आणि आमटीच्या आधी?" यावर बाईंनी डाव पातेल्यात सोडला, आत गेल्या आणि दुसरा, पाणी निथळत असलेला डाव घेऊन आल्या. मग ते जेवले. मी मात्र निम्मं जेवण त्यांच्याकडे बघण्यात घालवलं.

ते आमच्याच कंपनीत क्वालिटीला होते आणि मी पर्चेसला. आम्ही पुठ्ठ्याचे खोके बनवतो. खोका दाबून, आपटून, भिजवून बघायचा आणि मग त्याला पास करायचं, हे त्यांचं काम. त्यांचं आडनाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. एरवी सगळे त्यांना तोंडावर 'इन्स्पेक्टर' म्हणत आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. गाव साताऱ्याकडचं, राहायला घणसोलीला. मला डबा करायचा आयुष्यभराचा कंटाळा, म्हणून मी त्या हॉटेलात जायची. ते का येतात हे मात्र कोणाला कळत नव्हतं, कारण त्यांच्या पिशवीत घरचा डबा असायचा आणि तो ते संध्याकाळी भरलेला तसाच परत न्यायचे.

हॉटेल शाकाहारी, आणि त्यातही पदार्थांची अर्धी यादी दुधाशिवायची. शेंगदाण्याचं दही, नारळाच्या दुधाची खीर, सोयाचं पनीर. मालकीण तिशीतली, केस बारीक कापलेली, हौशी आणि कष्टाळू. आमच्या ऑफिसातली पोरं त्या हॉटेलाला 'घासफूस' म्हणायची आणि पुढच्या गल्लीत खिमा खायला जायची. वाढायला होत्या त्या हिराबाई, सारसोळ्याच्या कोळीवाड्यातल्या. "घरी बोंबील आनि हितं सोयाबीन. काय नशीब माझा!" असं दिवसातून एकदा तरी म्हणायच्या. पण हात असा सढळ, की नको म्हणणाऱ्याच्या पानातही एक पोळी जास्त पडायची. मला तुपाची आवड, हे त्यांनी दोन दिवसांत ओळखलं होतं. मी बसले की न विचारता माझ्या भातावर घरी कढवलेल्या तुपाचा चमचा यायचा.

आठ-दहा दिवस हे प्रश्नोत्तर ऐकल्यावर मी एकदा चिडून विचारलंच, "अहो, एवढा संशय असेल तर घरचा डबा खा ना." ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, मी माझ्यासाठी नाही विचारत." मग कळलं. त्यांना नऊ वर्षांची मुलगी, ओवी. तिला दूध चालत नाही. चालत नाही म्हणजे पोट बिघडतं असं नव्हे. थेंब गेला तरी घसा सुजतो, श्वास अडकतो. दोनदा हॉस्पिटलात नेलं होतं. एकदा शेजारच्या आजींनी प्रेमाने दिलेल्या शिऱ्यामुळे. "आजींना सांगितलं होतं, दूध नको. त्यांनी दूध नाहीच घातलं. तुपात भाजला. लोक दूध सोडतात मॅडम, तूप कोणी सोडत नाही. तूप म्हणजे दूधच, हे आपल्या लोकांच्या डोक्यातच येत नाही."

ओवीने जन्मात हॉटेलात पाऊल टाकलं नव्हतं. वाढदिवसांना जायची ती डबा घेऊन, आणि कोपऱ्यात बसून खायची. तिची एकच इच्छा होती, की एकदा मेन्यू हातात घेऊन आपण आपल्याला हवं ते मागवायचं. त्यासाठी हे गृहस्थ तीन महिने त्या हॉटेलाची परीक्षा घेत होते.

परीक्षेची त्यांची एक रीत होती. हॉटेल रिकामं असताना ते कधीच येत नसत. "अकरा वाजता सगळेच शहाणे. दीड वाजता बघायचं," म्हणत. दीड वाजता सगळं महापे एकदम भुकेलेलं असतं, टेबलाशी माणसं उभी राहतात, आतून ऑर्डरी ओरडल्या जातात, आणि तेव्हाच हात चुकतो. खोक्यांचंही तसंच, म्हणायचे, महिनाअखेरीचा माल आधी तपासायचा. म्हणून ते बरोबर दीडला येत, स्वयंपाकघराच्या दाराजवळचं टेबल धरत, आणि कोणती कढई कुठून कुठे जाते ते टिपत बसत. त्यांच्या सांगण्यावरून मालकिणीने दुधातुपाच्या सगळ्या भांड्यांना लाल सुतळी बांधली. डोशासाठी एक वेगळा तवा आणला, ज्याला लोणी कधी लागलं नाही. हिराबाई वैतागायच्या. "सायेब, तुमी रोज तेच इचारता, मी रोज तेच सांगतंय. मी काय पोरीला मारनार हाय का?" इन्स्पेक्टर म्हणायचे, "मारायला कोणीच येत नाही हो, हिराबाई. सगळे खायला घालायलाच येतात."

त्यांच्या सोबत जेवणं सुखाचं नव्हतं, हे कबूल करते. पावणेदोनला ओवीच्या शाळेची मधली सुट्टी व्हायची, तेव्हापासून ते फोनकडे बघत. फोन वाजला नाही म्हणून बघत आणि वाजला की घास हातातच राही. खिशात चष्म्याच्या घरात घसा सुजला तर लगेच द्यायचं इंजेक्शन, पिशवीत दुसरं, शाळेत बाईंकडे तिसरं. हळूहळू ती काळजी मलाही लागली. बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरं मी वाचायला लागले. रस्त्यात कुणाचं पोर खोकलं तरी मी वळून बघायची. न पाहिलेल्या मुलीसाठी एवढी धास्ती बाळगणारी मी बाई, आणि तरीही मीच त्यांच्या मागे लागले, "आणा हो तिला एकदा. किती दिवस नुसते डाव मोजणार?"

एका शनिवारी त्यांनी तिला आणलं. वहिनी, म्हणजे ओवीची आई, आल्या नाहीत. "माझ्याने बघवणार नाही," म्हणाल्या. ओवी दोन वेण्या घालून, नवा फ्रॉक घालून आली आणि मेन्यू हातात घेऊन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत बसली. वीस मिनिटं! मालकीण शेजारी वही घेऊन उभी. शेवटी मुलगी म्हणाली, "मला एक मसाला डोसा द्या. आणि पाणी साधं." 'पाणी साधं' हे तिने मोठ्या माणसांचं ऐकून ठेवलेलं असणार. नव्या तव्यावरचा डोसा आला. इन्स्पेक्टर आत उभे राहून तो उलटलेला बघून आले होते. तेल त्यांनी बघितलं, चटणीचं वाटण बघितलं, बटाट्याच्या भाजीची कढई बघितली. ओवीने पहिला तुकडा मोडला, खाल्ला आणि डोळे मिटून घेतले. इन्स्पेक्टर नुसते तिच्या गळ्याकडे बघत होते.

मी त्या दिवशी मुद्दाम दुधाशिवायचं ताट मागवलं होतं. वरण-भात, भाजी, कोशिंबीर. गर्दी झाली. हिराबाई चार टेबलांवर पळत होत्या, आणि पळता पळता त्यांनी रोजच्यासारखा माझ्या भातावर तुपाचा चमचा सोडला. मी ते बघितलं. रोजचं म्हणून डोळ्यांनी बघितलं, डोक्याने बघितलं नाही. वरण कालवलं. ओवी म्हणाली, "मावशी, तुमचा भात कसा लागतो?" आणि मी, आनंदाच्या भरात, आपल्याकडे पोरांना भरवतात तसा, छानसा घास केला आणि तिच्या तोंडात घातला.

तिने तो गिळला. मिनिटभराने म्हणाली, "पप्पा, घशात टोचतंय."

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. तिच्या मानेवर लाल चट्टे आले, ओठ फुगायला लागले. माझ्या तोंडून "मी... मी..." एवढंच निघत होतं. हिराबाई हातातलं पातेलं खाली ठेवून देवाचा धावा करायला लागल्या. सगळं हॉटेल उभं राहिलं. आणि तीन महिने चमच्याला घाबरणारा तो माणूस, एकदाही आवाज न चढवता, बाकावर लेकीला आडवी करून तिच्या मांडीत इंजेक्शन देत होता. "मालकीणबाई, गाडी काढा. मॅडम, हिचे पाय वर धरा. ओवी, माझ्याकडे बघ. बघ माझ्याकडे." घड्याळ बघून त्यांनी वेळ मोठ्याने सांगितली, म्हणजे नंतर डॉक्टरांना सांगता येईल. माझ्या ताटाकडे त्यांनी फक्त एकदा नजर टाकली.

ती वाचली. डॉक्टरांनी "आता धोका नाही, संध्याकाळपर्यंत ठेवू" असं म्हटलं, तेव्हा इन्स्पेक्टर बाहेरच्या बाकावर येऊन बसले. मालकिणीने चहा दिला तो कप त्यांना धरता येईना. मी पाया पडायचीच बाकी होते. म्हटलं, "शिव्या द्या हो मला, काहीतरी बोला." ते म्हणाले, "चूक माझी आहे. मी तवा बघितला, तेल बघितलं, सगळ्यांचे हात बघितले. तुमचं ताट तेवढं बघितलं नाही. घरचं माणूस म्हणून." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर ते हॉटेलात यायचे बंद झाले. ऑफिसात आपल्या टेबलापाशी बसून डबा खायचे. मी एकदा विषय काढला तर "आता नको, मॅडम," एवढंच म्हणाले. हिराबाईंनी तुपाची वाटी दुसरीच्या हाती दिली. "माझ्या हाताला इस्वास नाय," म्हणायच्या. मला सगळ्यात जास्त टोचायचं ते हे, की त्या पोरीसाठी तीन महिने खपून या माणसाने एक दार उघडलं होतं आणि मी ते एका घासात बंद केलं. आता ती पुन्हा कोपऱ्यात डबा उघडणार, आणि या वेळी तिला कारणही माहीत असणार. रात्री जेवताना भात कालवला की माझा हात थांबायचा. अजून थांबतो.

दोन महिन्यांनी त्यांची बदली गुजरातच्या प्लांटला झाली. जायच्या आठवड्यात ते माझ्या टेबलाशी आले. "शनिवारी दीडला मोकळ्या आहात का?"

मी म्हटलं, "कशाला?"

"ओवी म्हणते, माझा डोसा अर्धा राहिलाय."

मी नाही म्हणणार होते. खरंच सांगते, शनिवारी सकाळपासून मला ताप आल्यासारखं वाटत होतं. पण गेले. या वेळी वहिनीही आल्या होत्या. त्या माझ्याशी फार बोलल्या नाहीत, पण माझ्यासाठी खुर्ची ओढली. डोसा आला तो हिराबाईच घेऊन आल्या, मालकिणीने त्यांनाच पाठवलं होतं. मी समोर फक्त पाण्याचा ग्लास घेऊन बसले.

"तुम्ही जेवणार नाही?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"नाही."

"असं कसं? मग ही काय शिकणार? तूप खाणाऱ्या माणसाजवळ बसायचंच नाही, हे? आयुष्य काढायचंय तिला माणसांत." त्यांनी त्याच तव्यावरचा एक डोसा माझ्यासाठी सांगितला आणि म्हणाले, "हात धुऊन या. साबणाने, दोनदा."

मी धुऊन आले. ओले हात पुढे धरले. त्यांनी ते उलटेसुलटे करून बघितले, खोका बघतात तसे, आणि मान हलवली.

"आता भरवा तिला. तिच्याच ताटातला."

"माझ्याने नाही व्हायचं."

"भरवा, मॅडम. नाहीतर ती तुम्हाला घाबरेल आणि तुम्ही तिला. आम्ही तर सोमवारी निघालो."

वहिनींनी पदर तोंडाशी धरला होता. मी डोशाचा तुकडा मोडला, त्यात भाजी घेतली. तिच्या तोंडापर्यंत न्यायच्या आतच भाजी टेबलावर सांडली. दुसरा तुकडा मोडला, तोही अर्ध्यात अडखळला. मग ओवीने माझं मनगट धरलं, माझा हात आपल्या तोंडापाशी नेला आणि घास खाल्ला. "अजून," म्हणाली.

तेवढ्यात इन्स्पेक्टर उठले. "मी जरा हात धुऊन येतो," म्हणाले, आणि ओवीला माझ्या हाती सोपवून, आमच्याकडे पाठ करून निघून गेले.