दोरा दीड बोट सरकला पाहिजे

त्या दिवशी सकाळी माधवनगरात दाट धुकं पडलं होतं. समोरची जुन्या गिरणीची भिंत दिसत नव्हती, तिथं गिऱ्हाईक कुठून दिसणार? दुकान उघडून मी चहा घेत बसलो. सायकली दुरुस्त करता करता गोष्टी आपोआप साठतात. माझ्याकडं जुन्या छऱ्यांचा डबा आहे, तसंच. कोण कधी टाकून गेलं ते आठवत नाही, डबा मात्र भरत जातो.

आधी एवढं सांगतो. नव्या गिअरच्या सायकलींना पुढच्या चाकावर शॉकअपचा, खड्ड्यात दबणारा चिमटा असतो. चांगल्या चिमट्यात स्प्रिंगऐवजी हवा असते. बसणारा जड असेल तर हवा जास्त, हलका असेल तर कमी. चिमट्यावर कागद चिकटवलेला असतो, एवढ्या वजनाला एवढी हवा. मी शाळेत गेलो नाही, पण आकडे ओळखतो. म्हणून गिऱ्हाइकाला पहिलं विचारायचो, "वजन किती?" आणि माणूस तिथंच खोटं बोलतो.

पहिला खोटं बोलला तो एक पैलवान. "एकशे दहा, चाचा." मला सगळे चाचाच म्हणतात. मी एकशे दहाची हवा भरली. दुसऱ्या दिवशी गडी सायकल हातानं ढकलत आला.

"चाचा, शॉकअप बसवलाय का पहार?"

चिमटा जरासुद्धा दबत नव्हता. शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर त्याला उभा केला. ब्याऐंशी.

"तालमीत आमी एकशे दहाच सांगतो," तो म्हणाला. मग हळूच, "तिकडं बोलू नगा."

तेव्हापासून मी चिमट्याच्या चकचकीत नळीला काळा दोरा बांधतो. माणूस बसला की चिमटा दबतो आणि दोरा वर सरकतो. उतरला तरी दोरा तिथंच राहतो. दोरा सरकला तेवढी जागा बोटांनी मोजायची. दीड बोट भरली की हवा बरोबर. वजन विचारायची सवय मात्र गेली नाही.

एकदा शाळेच्या एक बाई आल्या. नवऱ्याला त्यांनी रस्त्याच्या पलीकडं उभं केलं आणि मगच मला वजन सांगितलं. दोरा बरोबर दीड बोट. बायकांनी मला खोटं वजन सांगितल्याचं आठवत नाही. नवऱ्यापासून लपवतात, मिस्त्रीपासून नाही.

उंब्रजला माझी मुलगी दिली आहे. तिच्याकडं गेलो तेव्हा तिथल्या दूधवाल्यानं सायकल दाखवली. भाच्याची शॉकअपची सायकल, आणि हँडलला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या. मी त्याला बसवून हवा भरली. सकाळी पहिल्याच खड्ड्यात चिमटा तळाला टेकला आणि दूध उडालं. चूक माझी. माणूस मोजला, किटल्या मोजल्याच नाहीत.

मग भरल्या किटल्यांसकट त्याला बसवला आणि दोरा दीड बोटावर आणला. संध्याकाळी तो परत हजर.

"चाचा, जाताना गादीवर जातोय, येताना खडीवर."

किटल्या रिकाम्या झाल्या की चिमटा कडक पडायचा. मी म्हटलं, सोपं आहे, दूध वाटून झालं की किटल्यांत पाणी भरून घे, वजन तेवढंच राहील. त्यानं ऐकलं. भर चौकातल्या नळावर दूधवाला किटल्यांत पाणी भरताना गावानं बघितला. दुसऱ्या दिवशी निम्म्या घरांनी रतीब बंद केला.

मला चौकात उभं राहून दोरा दाखवून साक्ष द्यावी लागली. एक म्हातारी म्हणाली, "आवं, तुमचा शॉकअप ऱ्हाऊ द्या तिकडं. आमाला दूध घट्ट पायजे." आता तो येताना हँडलला पेंडीच्या पिशव्या अडकवून आणतो.

राहिले आप्पा. आप्पा माझे शेजारी, भिंतीला भिंत. सांगलीच्या मार्केटात त्यांची गुळाची अडत आहे. त्यांच्या काट्यावर गुळाची ढेप कधी कमी भरली, असं म्हणणारा शेतकरी मला भेटला नाही. पण गुडघे गेले. जैनांच्या बस्तीत, देवासमोर खाली बसता येईना, दारातूनच हात जोडून परत यायचे. डॉक्टर म्हणाले, वजन शंभराच्या आत आणा, मगच ऑपरेशन. चालवेना, म्हणून मुलानं पुण्याहून सायकल पाठवली.

"वजन, आप्पा?"

"ऐंशी," म्हणाले आणि रस्त्याकडं बघायला लागले.

मी ऐंशीची हवा भरली. आप्पा बसले. दोरा चार बोटं वर.

"हवा गळतीय वाटतं," मी म्हटलं. "जरा जास्त भरतो."

"व्हय, आताशा मालच हलका येतोय."

दोरा दीड बोटावर आला तेव्हा पंपाचा काटा कागदावरच्या एकशे पंधरा किलोच्या हवेला होता. त्यानंतर मी आप्पांना वजन विचारलं नाही.

महिन्या-दीड महिन्यानं ते यायचे. "जरा कडक लागतोय," म्हणायचे. मी थोडी हवा सोडायचो. मध्ये लग्नसराई आली, जेवणावळी झाल्या, दोरा परत दोन बोटांवर गेला. मी हवा भरली. त्यांच्या बायकोनं एकदा भिंतीवरून विचारलं, "चाचा, उतरलंय का काय? मला सांगत न्हाईत."

"अर्धं बोट, वहिनी."

अर्ध्या बोटाचे किलो किती, ते त्यांनीही विचारलं नाही.

तर त्या सकाळी धुक्यात घंटी वाजली. आधी चाक दिसलं, मागून आप्पा. एवढ्या सकाळी मार्केटात जाऊन आले होते. सौद्यांना अजून वेळ होता. चपलांना काट्याच्या पाटावरचा गूळ लागला होता.

मी दोरा खाली सरकवला. आप्पा बसले, उतरले. दोरा जेमतेम एक बोट. थोडी हवा सोडली, परत बसवलं. दीड बोट. पंपाचा काटा बघितला, कागद बघितला, टोपण लावलं, हात पुसले.

"झालं, आप्पा."

आप्पा जाईनात. ब्रेक दाबून बघितला, घंटी वाजवून बघितली. मी दुसऱ्या सायकलीचं चाक काढायला घेतलं. तरी ते हँडल धरून उभेच.

मग म्हणाले, "चाचा, आज वजन इचारा की."