लाळ आणि बेडका

मंगळवार, जानेवारीची सात तारीख. रक्कम दोन हजार चारशे रुपये. हजर मी, माझी सहा वर्षांची मुलगी आणि अलिबागच्या एका खाजगी लॅबमधला काउंटरवरचा माणूस.

तिचा खोकला दिवाळीपासून जात नव्हता आणि वजन सतरावरून पंधरा किलोवर आलं होतं. टीबी आहे की नाही ते यंत्रावर त्याच दिवशी कळतं, असं ऐकून मी पैसे भरले. डबीत बेडका काढून द्यायचा होता. तिला थुंकता येईना. थुंकू नये हे आम्हीच शिकवलेलं. लॅबच्या मागच्या बाजूला उभं राहून मी खाकरून दाखवलं. ती हसली आणि तोंडातलं पाणी डबीत सोडलं.

संध्याकाळी रिपोर्ट आला. जंतू आढळले नाहीत. मी हिशेबाची नोकरी करतो. ते मी शून्य असंच वाचलं. बायको बाळंतपणाला म्हसळ्याला माहेरी होती, तिला लगेच फोन केला. मागून सासूबाईंचा आवाज आला, "तरी खोकला थांबेस्तोवर पोरीला इकडं आणू नका म्हणावं."

खोकला थांबला नाही, वर ताप येऊ लागला. सरकारी रुग्णालयातल्या मुलांच्या डॉक्टरबाईंनी एक्सरे काढायला लावला, तो उजेडात धरून पाहिला आणि मग जुना रिपोर्ट वाचला.

"डबीत दिलं ते पातळ होतं की घट्ट?"

"पातळ."

"म्हणजे तुम्ही लाळ तपासून आणलीत. एवढी लहान मुलं बेडका थुंकत नाहीत, गिळतात. रात्रभर तो पोटात जमतो. पहाटे उपाशीपोटी, ती उठून बसायच्या आत, नाकातून नळी घालून काढावा लागेल."

"त्यातही नाही आलं तर?"

"तरी एक्सरे बघून औषध सुरू करणार. मुलांत जंतू थोडे असतात, कधी कधी सापडत नाहीत."

"मग तपासायचं कशाला?"

"सापडले तर नेहमीचं औषध त्यांना लागू पडेल का, ते कळतं. नाहीतर अंदाजानं द्यायचं."

अंदाज हा शब्द मला दिवसभर टोचत राहिला.

नळीसाठी तिला दाखल करून घेतलं. वॉर्डात शेजारच्या खाटेवर नातवाला घेऊन एक कोळीण आजी होत्या. दोन दिवसांत माझ्याशी आपणहून बोललेल्या त्या एकट्याच. पहाटे मी तोंड धुवायला गेलो आणि परत आलो, तर मुलगी उठून बसली होती, हातात अर्धं बिस्किट.

सिस्टर म्हणाल्या, "आज नाही घेता येणार. उद्या."

मी आजींना म्हणालो, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"

"पोर उपाशी व्हती. मना काय ठावं?" एवढं बोलून त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. दुपारी मी चहा नेऊन दिला. त्यांनी तो नातवाच्या उशाशी ठेवला, प्यायल्या नाहीत. मग दिवसभर वॉर्डात माझ्याशी कुणीच बोललं नाही.

दुसऱ्या पहाटे नळी घातली. तिचं डोकं मी धरलं होतं. नळी निघाल्यावर ती रडतच म्हणाली, "बाबा, तू जा. आईला बोलव." आई येणार नव्हती. मी तिचं नाक पुसलं.

त्या संध्याकाळी रिपोर्ट आला: जंतू आढळले, प्रमाण अत्यल्प, नेहमीचं औषध लागू पडेल. उरलेला नमुना जंतू वाढवून पाहायला कल्चरला लावला होता, त्याचं उत्तर यायला सहा आठवडे लागणार होते. औषध मात्र लगेच सुरू झालं. आजाराचं नाव वाचून मला हायसं वाटलं आणि ते सांगायला आसपास कुणी नव्हतं. बायकोला फोन केला, तर तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जेवलात का?"

सुट्टी मिळाली तेव्हा रुग्णालयानं काही पैसे घेतले नाहीत. लहान मुलांपासून सहसा कुणाला लागण होत नाही, असं डॉक्टरबाईंनी निघताना सांगितलं होतं. स्टँडवर शेअर मिनिडोर रिक्षात आत बसलेल्या दोन बायकांनी तिचा मास्क आणि माझ्या हातातली औषधाची पिशवी पाहिली आणि त्या उतरून मागच्या गाडीत गेल्या. मी ते डॉक्टरबाईंचं वाक्य त्यांना सांगणार होतो. सांगितलं नाही.

"पूर्ण गाडी करताय का, साहेब?" मिनिडोरवाल्यानं विचारलं.

सहा सीटचे, चाळीसप्रमाणे, दोनशे चाळीस रुपये त्याला दिले.